फवारणी यंत्र घेण्याआधी हौद मोजा

प्रश्न बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य ताईंचा आहे. थोडक्यात असा: गेल्या वर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंत गावात घरटी एक माणूस तापाने पडला. पंचायतीने दोनदा धूर मारून घेतला, फरक पडला नाही. यंदा स्वतःचे यंत्र घ्यायचा ठराव येतो आहे. निम्मे गाव औषधाला पलीकडे महाराष्ट्रात जाते, म्हणून खात्याच्या कागदावर गावात डेंग्यूचे दोनच रुग्ण दिसतात. तयारी काय करावी आणि कधीपासून?

ताई, यंत्राचा ठराव तूर्त बाजूला ठेवा. मी आरोग्य खात्यात ३१ वर्षे काढली, त्यातली अर्धी हिवताप विभागात. धुराचे यंत्र खांद्याला लावून बेळगाव, खानापूर, हुक्केरीच्या किती गल्ल्या पालथ्या घातल्या त्याचा हिशेब नाही. यंत्राचा आवाज आला की पोरे मागे धावतात, बायका दारे-खिडक्या लावून घेतात आणि पंचायतीचा फोटो निघतो. डेंग्यूचा डास त्या वेळी कुठे असतो? लावून घेतलेल्या त्याच दारांच्या आत. खुंटीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली, कपाटाच्या फटीत, जिथे अंधार आणि गारवा असेल तिथे. उडत्या डासाच्या अंगाला धूर लागला तरच तो मरतो, आणि थोड्या वेळाने धूर विरला की मागे काही उरत नाही. हौदातल्या अळीला तर काहीच होत नाही. आज धूर मारलात तरी दोन-तीन दिवसांनी नवी पलटण बाहेर पडते.

धूर अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. गावात खात्रीचा रुग्ण निघाला तर त्याच्या घराभोवती ४०० मीटरच्या आत, घरात शिरून औषध मारले, दारे अर्धा तास बंद ठेवली आणि त्याच दिवशी तिथले साठे रिकामे केले, तर रोग घेऊन फिरणाऱ्या माद्या तेवढ्या कमी होतात. त्यासाठी यंत्र तालुक्याकडून मागवता येते. वर्षातून चार दिवसांच्या कामासाठी गावाने यंत्र, डिझेल आणि औषध सांभाळत बसायची गरज नाही.

आता मला सगळ्यात आधी जे हवे होते आणि तुम्ही लिहिले नाही, ते विचारतो. तुमच्या गावात नळाला पाणी किती दिवसांनी येते?

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस जातीचा डास अंड्यापासून उडता व्हायला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस घेतो. पाणी रोज येत असते तर कुणी चार बॅरल भरून ठेवले नसते. पाण्याची पाळी चार दिवसांची झाली की साठा वाढतो, आठ दिवसांची झाली की साठा आणि डास यांचे वेळापत्रक जुळते. बेळगाव शहरात हे मी डोळ्यांनी पाहिले. राकसकोप आणि हिडकलचे पाणी येते, २००८ मध्ये दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले, बाकीच्या शहराने पुढची कित्येक वर्षे पाळीवरच काढली. चोवीस तासवाल्या भागात लोक हळूहळू बॅरल विकायला लागले. पाळीवाल्या भागात जिन्याखालीही टाकी.

पुढची पाळी चुकली तर काय, या धास्तीने हौद कुणी पुरता रिकामा करत नाही. उरलेल्या पाण्यावर नवे पाणी घेतो. एडिसची मादी पाण्यात अंडी घालत नाही, पाण्याच्या किंचित वर, हौदाच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी वर चढले, अंडी बुडाली की ती फुटतात. म्हणजे आपण पाणी भरतो तेव्हाच अळ्यांना जाग येते. वर ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. परड्यात उन्हाळाभर पालथा न घातलेला एखादा बॅरल पडलेला असतो, त्याच्या आतल्या कडेला गेल्या दिवाळीची अंडी असू शकतात. वळवाची एक जोरदार सर आली की झाले.

म्हणून 'कधीपासून' याचे उत्तर वळवाच्या आधी, एप्रिलचा पहिला पंधरवडा. जुलैत सभा घेतलीत तर उशीर झालेला असतो, आणि गणपतीत घेतलीत तर ती तयारी नाही, ती धावाधाव.

डेंग्यू म्हणजे पाऊस, हा हिशेबही आपल्या जिल्ह्यात जागोजागी वेगळा बसतो. कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस इतका की उघड्यावरची भांडी सारखी वाहून धुतली जातात, तिथे त्रास पाऊस उघडल्यावर. अथणीकडे पाऊस तुटपुंजा, पण उन्हाळ्यात टँकरचे पाणी बॅरलमध्ये जपून ठेवायचे, त्यामुळे मे महिन्यात कोरड्याठाक रानात अळ्या मिळतात. निपाणी-चिकोडीकडे दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेचा पूर. २०१९ आणि २०२१ साली पाहिलेत तसा पूर आला की सुरुवातीला डास कमीच होतात, सगळे वाहून जाते. पाणी ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पडक्या घरांतल्या भांड्यांत, टायरांत आणि निवारा छावणीच्या पिंपांत ते सुरू होते. तुमचे गाव कणकुंबीसारख्या जास्त पावसाच्या आणि पाळीच्या पाण्याच्या, अशा दोन्ही प्रकारांत मोडते, असा माझा अंदाज.

एक प्रसंग सांगतो, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. तुमच्याच बाजूच्या एका गावात घरोघरी तपासणी चालू होती. एका म्हातारीच्या न्हाणीत सिमेंटचा हौद, पाणी आरशासारखे. मी वाकलो तर ती मागून म्हणाली, "काय बघूलाय ओ तिथं? रोज घासतोय की आमी." खरेच हौद स्वच्छ होता, बाहेरून. बॅटरी मारली. माझ्या डोक्याची सावली पडताच पाण्यावरचे बारीक स्वल्पविराम सगळे एकदम तळाला गेले. मिनिट-दीड मिनिट हलू नका म्हटले. मग एकेक वर आला, शेपटी पाण्याच्या पापुद्र्याला लावून डोके खाली घालून लोंबायला लागला. ओगराळ्याने पाणी काढून पांढऱ्या ताटलीत ओतले, म्हातारीला दाखवले. ती म्हणाली, हे पाण्यातले किडे आहेत, पाणी चांगले असले की होतात. अशी समजूत पुष्कळांची असते, कारण घाण पाण्यात ती अळी दिसत नाही. मग पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर भिंतीवर बोट फिरवले. बोटाला काजळीसारखी काळी भुकटी लागली. ती भुकटी काचेच्या पेल्यात थोडे पाणी घेऊन त्यात सोडली, वर कापड बांधले आणि म्हटले, उद्यापर्यंत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर म्हातारी पेला हातात घेऊन ओट्यावर बसलेली, भोवती पाच-सहा बाया. पेल्यात डोळ्याला जेमतेम दिसणारी वळवळ. त्या गल्लीत मला पुन्हा भाषण करावे लागले नाही.

तुम्ही हेच करा. प्रत्येक गल्लीत एका घरी, आशाताईला बरोबर घेऊन. नंतर पेल्यातले पाणी तापल्या जमिनीवर ओता, मोरीत नको. हौद घासताना पाण्याखालचा भाग घासून उपयोग नाही, पाण्याची रेषा जिथे जिथे येऊन गेली ती वरची कड काथ्याने खरवडायची. तुमच्या गावाला मी एकच गोष्ट शिकवू शकत असलो तर ती हीच.

आता मोजणी. गावात ४००-४५० घरे धरतो. दोन आशाताई, स्त्रीशक्ती संघातल्या, म्हणजे बचत गटातल्या, सहा-आठ बाया आणि दहावी-बारावीची चार पोरे इतकी माणसे चार दिवसांत गाव पुरे करतात. वहीत प्रत्येक घरापुढे पाणी साठलेली भांडी किती, त्यातल्या अळी असलेली किती, आणि कोष असलेली किती. अळी वाढून कोष होतो, तो स्वल्पविरामापेक्षा फुगीर, काहीच खात नाही आणि दोन दिवसांत डास होऊन उडतो. अळ्या पुष्कळ मरतात, कोष सहसा मरत नाही, म्हणून कोष कुठे मिळाले ते जास्त महत्त्वाचे. खात्यात आम्ही १०० घरांमागे अळी असलेली घरे किती याला गृह निर्देशांक म्हणतो, आणि १०० घरांमागे अळी असलेली भांडी किती याला ब्रेटो निर्देशांक. १०० घरे पाहिली, १२ घरांत अळी, भांडी १८, तर आकडे १२ आणि १८. ढोबळ मानाने गृह निर्देशांक ५ च्या वर किंवा ब्रेटो २० च्या वर गेला की डेंग्यू पसरायला जमीन तयार आहे असे धरतात. एप्रिलमधला आकडा काही का असेना, जूनमध्ये आणि गणपतीच्या पंधरा दिवस आधी तोच पुन्हा काढायचा. खाली येतोय का वर जातोय, एवढेच पाहायचे.

मोजून झाले की एक गोष्ट बहुतेक गावांत दिसते. भांडी दहा प्रकारची असली तरी बहुतेक कोष दोन-तीन प्रकारांतच मिळतात. कुठे न्हाणीतला हौद, कुठे गोठ्यातली जनावरांची दगडी डोण, कुठे पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेले टायर. एका गावात मला सगळ्यात जास्त कोष रगड्यात मिळाले. मिक्सर आल्यावर घरोघरचे दगडी रगडे परड्यात निघाले, तुळशीच्या बाजूला वर्षानुवर्षे पावसाचे पाणी धरून बसले. दगड देवासारखा, टाकवत नाही. आम्ही ते मातीने भरले आणि वर झेंडू लावला. तुमच्या गावचा रगडा कोणता, ते मोजणीशिवाय कळणार नाही.

इथे गटारीबद्दल बोलायलाच हवे, कारण तुमच्या सभेत पहिली तक्रार तीच येणार. गटारीत होतो तो बहुतेक क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. झोप मोडतो, पण डेंग्यू देत नाही. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस कलताना जास्त, पायाच्या घोट्याशी, आवाज न करता. गटारीच्या कडेने मारतात ती पांढरी पावडर बऱ्याचदा चुना किंवा ब्लीचिंग असते, तिने कोणताच डास मरत नाही. गटार काढा, ती काढायलाच हवी, पण तो खर्च डेंग्यूच्या नावावर टाकू नका.

सरकारी कार्यक्रमात आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळायचा असतो. चांगली गोष्ट, पण पाळीच्या गावात ठरलेला वार चालत नाही, हे माझे स्वतःचे मत आहे. शुक्रवारी हौद रिकामा करा म्हणायचे आणि पाणी सोमवारी येणार, तर कोण करील? माझा उपाय असा. वॉटरमनकडून, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाकडून, गल्लीवार पाळी लिहून घ्या. ज्या गल्लीला उद्या पाणी, त्या गल्लीत आज संध्याकाळी उरलेले पाणी झाडांना, गोठ्याला, धुण्याला काढायचे, कड घासायची, सकाळी भरायचे. वॉटरमनने आदल्या दिवशी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली तरी पुरते. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, सांगून पाळी चुकू न देणे, हे खरे डास नियंत्रण. पाळी बेभरवशाची राहिली तर लोकांना दोष देता येणार नाही. पाळी दहा दिवसांची असेल तर मध्ये एकदा फडक्यातून पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यायला सांगा, नाहीतर मधल्या दिवसांतच डास तयार होतो.

जे रिकामे होऊच शकत नाही त्याला झाकण. लाकडी फळी नको, फटी राहतात. सुती कापड, कडेला इलॅस्टिक शिवून. संघातल्या बायांकडून शिवून घ्या. गावाच्या आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी असतो, तो बऱ्याच गावांत फिनेल आणि चहापाण्यात जातो. बॅटऱ्या, ओगराळी, पांढऱ्या ताटल्या, वह्या आणि हे कापड त्यातून निघते.

मोठ्या टाक्यांना टेमिफॉस, आपल्याकडे 'अबेट' म्हणतात ते. प्रमाण दहा लाख भागांत एक भाग. ५० टक्के तीव्रतेचे औषध १,००० लिटरला २ मिलिलिटर इतके थोडे लागते. २०० लिटरच्या बॅरलला अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही. म्हणून ते घरी वाटू नका, खात्याच्या माणसाने मोजूनच घालायचे. पाणी दर पाळीला बदलत असेल तर औषधही वाहून जाते, हे ध्यानात ठेवा. लोक म्हणतात वास येतो, आणि मग बॅरल ओतून टाकतात. ओतले तर ओतू द्या, आपल्याला तेच हवे होते.

गप्पी मासे विहिरीला, जनावरांच्या मोठ्या डोणीला, बांधकामाच्या टाकीला उत्तम. एका चौरस मीटर पाण्याला पाच-दहा पुरतात. नदीत, ओढ्यात किंवा गावतळ्यात सोडू नका, स्थानिक माशांना ते मारक ठरतात. माझी एक फजिती सांगतो. एका गावात विहिरीत दोनशे मासे सोडले, सरपंचांच्या हस्ते, नारळ फोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पांढरे पोट वर करून तरंगत होते. वॉटरमनने नेमाप्रमाणे रात्री टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकली होती. त्याची चूक नव्हती, मी त्याला विचारलेच नव्हते. पिण्याच्या आणि क्लोरीन पडणाऱ्या पाण्यात मासे नकोत, आणि कुठेही सोडण्याआधी वॉटरमनशी बोला. तुमच्या गावात पाण्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्यालाच आहे.

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग, कागदावरचे दोन रुग्ण. यात कुणी लपवालपवी केली असे समजू नका. सरकारी आकड्यात डेंग्यूचा रुग्ण धरला जातो तो एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने रक्ततपासणी झाली तरच. खासगी दवाखान्यात पंधरा-वीस मिनिटांत होते ती कार्डाची चाचणी, ती 'संशयित' राहते. शिवाय रोगांची नोंद तीन वाटांनी वर जाते. उपकेंद्रातून घरभेटीचा एस फॉर्म, डॉक्टरकडून पी फॉर्म, प्रयोगशाळेतून एल फॉर्म. तुमची माणसे चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला गेली की पी आणि एल या दोन्ही नोंदी तिकडच्या जिल्ह्यात पडतात. पत्ता बेळगाव तालुक्याचा असला तर ती माहिती इकडे यायला हवी, कधी येते, कधी आठवडा-दोन आठवडे उलटल्यावर येते. तोवर दुसरी गल्ली तापलेली असते. तुमच्या हातात उरतो तो एस फॉर्म, म्हणजे घरभेट.

म्हणून तापाची एक वही. मोबाइलमध्ये नको, आशाताईकडे दोरीने बांधलेली. नाव, गल्ली, ताप कधी आला, त्याआधीच्या दोन आठवड्यांत कुठे राहिला होता, तपासणी कुठे झाली, कागद काय म्हणतो. पलीकडच्या दवाखान्याचा कागद असला तर त्याचा फोटो काढून त्याच दिवशी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पाठवायचा. मी एक ढोबळ नियम पाळत आलो: एका गल्लीत एका आठवड्यात तीन ताप, की त्या गल्लीतली सगळी भांडी दुसऱ्या दिवशी बघायची, तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबायचे नाही. निकालाची वाट पाहण्यात गेलेला आठवडा डासाला पुरतो.

रक्त कोणत्या दिवशी घेतले यावरही पुष्कळ अवलंबून. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, ही विषाणूचा अंश शोधणारी चाचणी; पाचव्या दिवसानंतर आयजीएम, ही शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधणारी. सातव्या दिवशी एनएस-१ करून 'नाही' आले म्हणून घरी परतलेली माणसे मी पाहिली आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुना बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्सला पाठवता येतो, पैसे पडत नाहीत. खासगीत करायचेच असेल तर कर्नाटकात जुलै २०२४ मध्ये सरकारने दर बांधून दिले: एनएस-१ एलायझा ३०० रुपये, आयजीएम एलायझा ३००, कार्डाची चाचणी २५०. हा आकडा पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवा.

त्याच वर्षी डेंग्यूला राज्यात साथरोग जाहीर केले आणि दंडाची तरतूद आली. ग्रामीण भागात अळ्या सापडलेल्या घराला २०० रुपये, दुकाना-धंद्याला ५००, बांधकामाच्या किंवा मोकळ्या जागेला १,०००. घरांना दंड लावायच्या फंदात पडू नका. पुढच्या वेळी दार उघडणार नाहीत. टायरवाला आणि अर्धवट बांधकाम टाकून गोव्याला गेलेला मालक, यांच्यापुढे मात्र कागद ठेवायला हरकत नाही.

रुग्णाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो, कारण गावातले मृत्यू डासापेक्षा उशीर केल्यामुळे जास्त होतात. डेंग्यूत धोका ताप उतरताना सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप कमी होतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमके तेव्हा रक्तातले पाणी शिरांबाहेर झिरपायला लागते. पोटात सतत दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, पोर सुस्त, सहा तासांत लघवी नाही, यातले एक जरी दिसले तरी रात्र काढायची नाही. तापाला पॅरासिटामॉलच. डायक्लोफेनॅकची सुई, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. आपल्याकडे सुई दिल्याशिवाय डॉक्टर मन लावून बघत नाही असा समज आहे, त्यामुळे सुई मागून घेतात. ताक, पेज, शहाळे, ओआरएस पाजत राहा. पपईच्या पानांचा रस देऊन दोन दिवस घरी बसू नका, पुरावा तोकडा आहे. आणि प्लेटलेट ६०,००० झाल्या म्हणून पिशव्यांसाठी कोल्हापूर गाठायची धावपळ बहुतेक वेळा फुकट असते. रक्तस्राव नसेल तर १०,००० च्या खाली गेल्याशिवाय सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. डॉक्टरांना पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, किती वाढला ते विचारा, तो आकडा जास्त बोलका.

गेल्या वर्षी होऊन गेला, आता आपण सुटलो, असेही कुणी सभेत म्हणेल. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला तर त्या प्रकाराचे संरक्षण मिळते, दुसरा आला तर तो बऱ्याचदा जास्त जोराचा असतो. तुमच्या गावासाठी यंदाचे वर्ष म्हणूनच जास्त जपायचे.

चिकुनगुनियाही गेला म्हणून सुटलो असे नसते. १९७३ मध्ये बार्शीला साथ आली, त्यानंतर बत्तीस वर्षे देशात त्याचे नाव नव्हते. २००५ च्या शेवटी तो परतला आणि २००६ मध्ये देशभर जवळपास १४ लाख संशयित रुग्ण झाले, त्यातले निम्म्याहून जास्त कर्नाटकात. त्या वर्षी सुगीला माणूस मिळेना, सांधेदुखीने घरे बसवली. माझे वरिष्ठ तेव्हा जुनी पुस्तके शोधत होते, कारण चिकुनगुनियाचा रुग्ण पाहिलेला कुणी खात्यात उरलाच नव्हता.

हिवतापाचे थोडक्यात. तो डास वेगळा, ॲनॉफिलीस, त्याची अळी पाण्याला समांतर पडते, लोंबत नाही. खानापूरकडे विटांसाठी माती काढलेले खड्डे त्याला आवडतात. पण आपल्याकडे बऱ्याचदा हिवताप बाहेरून येतो, गोव्याच्या बांधकामांवरून, मासेमारीवरून परतलेल्या माणसाबरोबर. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्ताची काचपट्टी किंवा कार्ड. व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या घ्यायच्या, तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडल्या तर दोन महिन्यांनी ताप परत. गरोदर बाईला ही गोळी द्यायची नाही. आणि उन्हाळ्यात रानात माकडे मरून पडली आणि काजूच्या बागेत जाणाऱ्यांना ताप आला तर तो डासाचा नव्हे, गोचिडीचा माकडताप असू शकतो. २०१६ साली शेजारच्या दोडामार्गात तो निघाला होता. लगेच आरोग्य केंद्राला कळवा.

भाषेचा मुद्दा टाळत नाही. तालुक्याहून पत्रके कन्नडमधून येतात आणि तुमच्याकडच्या साठीच्या पुढच्या बायकांना ती वाचता येत नाहीत. त्यावर ठराव करत बसलात तर पावसाळा निघून जाईल. आशाताईंना दोन्ही भाषा येतात, त्यांच्याकडून चार ओळी मराठीत करून घ्या आणि गणेश मंडळाच्या फलकावर खडूने लिहा. मंडळाची पोरे मोजणीला सगळ्यात उपयोगी, कारण त्यांना प्रत्येक घरात जाता येते. त्यांनाच विसर्जनाच्या कृत्रिम टाकीची जबाबदारी द्या. मूर्ती गेल्यावर ती टाकी दसऱ्यापर्यंत तशीच पाण्याने भरलेली राहते. पुण्या-मुंबईहून, गोव्याहून गावी आलेल्या पाहुण्यांपैकी कुणाला ताप असेल तर त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. अळी नसलेल्या गावातही पहिला विषाणू असाच पाहुणा म्हणून येतो.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मोजणी झाली की मला तीन आकडे कळवा: घरे किती, अळी किती घरांत, आणि कोष कोणत्या भांड्यांत. सोबत वॉटरमनचे वेळापत्रक. अबेट किती मागायचे आणि कोणत्या गल्लीपासून सुरुवात करायची ते त्यावरून सांगतो.